शनिवारची नोट

“मावशी, सात तारखेला तुम्ही शंभर रुपये काढले आणि लगेच शंभर रुपये परत भरले. चौदाला तेच. एकवीसला तेच. परवाच्या शनिवारीही तेच. असं का केलंत?”

काचेपलीकडून देवरे मॅडम विचारत होत्या. आई काचेखालच्या फटीशी वाकून उभी होती, देवळाच्या उंबऱ्याशी वाकावं तशी.

“बघाया,” आई म्हणाली.

“काय बघायला?”

“हायेत का ते.”

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला धीर आला असता. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“हे झिरो बॅलन्सचं खातं आहे. ह्यातून महिन्यात चार वेळाच पैसे काढता येतात. तुमचे चार वेळा झाले. आता उद्या, एक तारखेला या.”

“पर म्या काढलेच न्हाईत. दिले की परत.”

“भरा कितीही वेळा. काढणं मात्र चारच वेळा. शंभर काढले तरी एक, सगळे काढले तरी एक.”

“शंभर गेले, शंभर आले. मंग कमी काय झालं, बाई?”

“काहीच कमी झालं नाही, मावशी. सगळे पैसे आहेत. फक्त आज निघणार नाहीत.”

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या दोन्ही कानांच्या भोकांत केरसुणीच्या बारीक काड्या होत्या. भोकं बुजू नयेत म्हणून घातलेल्या. कानातली फुलं गेल्याच महिन्यात सोनाराकडे गेली होती, आणि सोनाराने त्यांचे पैसे ह्याच खात्यात टाकले होते.

त्या दिवशी तीस तारीख होती. संध्याकाळी पाचच्या आत नाशिकच्या नर्सिंग शाळेत माझी फी भरली नाही, तर माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

आमची गल्ली सिन्नरची, विड्या वळणाऱ्या बायांची. सकाळी प्रत्येक ओट्यावर एक बाई, तिच्या मांडीवर एक सूप, सुपात तंबाखू आणि ओलावलेली पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कातरीने कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हात चालत असले की तोंड मोकळं, आणि तोंड मोकळं असलं की आई ओवी म्हणायची. जातं कधीच घरातून गेलं होतं, पण ओवीला सुपाची लय सापडली होती.

मला नर्सिंगचं वेड लागलं त्या वर्षापासून तिने मला सुपाला हात लावू दिला नाही.

“लांब हो. नर्सबाईच्या हाताला तंबाखूचा वास नगं. पेशंट म्हनंल, ही इडी वढून आली.”

“आई, विड्यांचा एक कट्टा तरी बांधू दे. तुझी पाठ दुखते.”

“पाठ माजी हाय. तू पुस्तक बघ.”

आणि मग ती सुरू करायची:

पांढरं गं लुगडं, सरकारी दवाखाना
माझ्या मथुरेच्या हाती, दुखण्याचा ठावठिकाणा

शेजारच्या ओट्यावरून इठाबाई टोमणा मारायची. “सोजर, नर्सा आता लुगडं न्हाई नेसत. प्यान्ट घालत्यात.”

“घालू दे. माज्या ववीत लुगडंच ऱ्हाईल. प्यान्ट ववीत बसत न्हाई.”

दुसरी एक ओवी तिने अर्धीच ठेवली होती. ‘पांढरं गं लुगडं, वाळत घातलं दारी...’ एवढंच म्हणून ती थांबायची. पुढची ओळ विचारली की म्हणायची, “ती तू नेसून येशील तव्हा. आदी जुळवली तर दिष्ट लागंल.”

विड्यांची मजुरी पूर्वी कारखान्याच्या खिडकीत हातावर मिळायची. मग ती खात्यात जमा व्हायला लागली. गल्लीच्या तोंडाशी निवृत्तीभाऊंचं दुकान होतं. तिथे एक छोटं मशीन, त्यावर अंगठा ठेवायचा, की पैसे. बाया त्याला ‘अंगठ्याचं दुकान’ म्हणायच्या. शुक्रवारी मजुरी पडायची, शनिवारी सगळी गल्ली तिथे. ज्या-त्या बाईने आठवड्याच्या खर्चाचं काढायचं आणि जायचं. ज्या महिन्यात पाच शनिवार यायचे, त्यात पाचव्या शनिवारी मशीन कुणालाच काही द्यायचं नाही. निवृत्तीभाऊ हात झटकून सांगायचे, “रेंज नाही.” बायांना ते पटलेलं होतं. मशीनही बिचारं दमतं, पाचव्या शनिवारी त्याला बरं नसतं, असं त्या एकमेकींना सांगायच्या. नियम असा आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आई आठवड्याचं काढायची नाही. घर चालायचं ते कांद्याच्या खळ्यावरच्या रोजावर. दुपारनंतर ती तिथे कांदे निवडायला जायची. विड्यांचा पैसा फीसाठी राखून ठेवलेला. तरी ती शनिवारी रांगेत उभी राहायची. अंगठा ठेवायची. शंभराची नोट हातात आली की ती उजेडाकडे धरायची, कपाळाला लावायची आणि म्हणायची, “ठेव भाऊ, परत.”

“कशाला काढता मग, सोजरताई?” निवृत्तीभाऊ विचारायचे.

“जित्ता हाय का बघितला.”

इठाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “म्हस पाण्यावर न्यावी तशी ही शंभराला फिरवून आनती. बघा, बघा, प्याली का पानी?”

रांग हसायची. आईसुद्धा हसायची. ती हसली की कानातली फुलं हलायची. तेव्हा ती होती.

बुधवारी यादी लागली आणि त्यात माझं नाव होतं. सगळे पैसे पुरे व्हायला शेवटच्या आठवड्याची मजुरी हवी होती. ती शुक्रवारी पडली. चौथ्या शनिवारी बँक बंद, निवृत्तीभाऊंकडे एवढी मोठी रक्कम मिळत नाही. रविवारी घट बसले. तेव्हा सोमवारी सकाळीच बँकेत जायचं, पैसे घ्यायचे आणि तशीच नाशिकची एसटी धरायची, असं ठरलं. शनिवारी आई फक्त बघून आली. “समदा हाय,” ती दारातूनच म्हणाली होती, “समदा जित्ता हाय.”

आता ती बँकेच्या काचेशी वाकलेली होती आणि तिच्या मागे रांग वाढत होती.

“मॅडम,” मी म्हणाले, “रोख नको. शाळेच्या नावाने ड्राफ्ट द्या. नाहीतर त्यांच्या खात्यात पाठवा.”

“तेही काढणंच धरलं जातं गं. खात्यातून बाहेर जाणारं काहीही.”

“मग दुसरा काही मार्ग?”

“आहे. हे खातं साध्या बचत खात्यात बदलून घ्यायचं. मग चारच्या वर काढता येतं, दर वेळी चार्ज लागतो. थोडी रक्कम कायम खात्यात ठेवावी लागते, नाहीतर त्याचाही दंड.”

“लावा दंड,” आई म्हणाली. “घ्या कापून. आत्ता करा.”

“मावशी, अर्ज वरच्या ऑफिसला जातो. दोन दिवस तरी लागतात.”

“दोन दिसांनी तर एक तारीख हून जाईल की.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. “म्हणूनच सांगते, उद्याच या.”

रांगेतला एक माणूस ओरडला, “अहो, त्यांना बाजूला बसवा ना! आमचेही कामधंदे आहेत.”

देवरे मॅडमनी त्यांच्या फोनवरून नर्सिंग शाळेत फोन लावून दिला. हे मी विसरलेले नाही. पलीकडे क्लार्क होता. मी सांगितलं, पैसे आहेत, खात्यात आहेत, उद्या सकाळी आणते. तो म्हणाला, “सगळ्यांचे खात्यातच असतात, ताई. आज पाच वाजता पुढचं नाव घ्यायचं, असं सरांनी लिहून दिलंय.” मॅडमनी फोन घेतला, स्वतःचं नाव सांगितलं, बँकेचं सांगितलं. मग त्याही “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आम्ही गल्लीत परतलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. इठाबाईने सूप खाली ठेवलं. आईने दोन वाक्यांत सांगितलं. इठाबाईने ऐकलं आणि तिच्या तोंडाला जो टोमणा आला होता तो तिने गिळला. मी तो गिळताना पाहिला.

“थांब, मी काढून देते माज्यातले,” ती म्हणाली आणि पदर सावरत निवृत्तीभाऊंकडे धावली.

मशीनने तिला नाही म्हटलं. तिचेही चार झाले होते. प्रत्येक शनिवारी एक. मागून वत्सला आली, तिचेही चार. कमळाकाकू, तिची सून, समोरची जनाबाई. एकामागून एक अंगठे मशीनच्या काचेवर टेकत गेले.

“भाऊ, आज तर सोमवार हाय. रेंज न्हाई म्हनू नगस,” इठाबाई म्हणाली.

निवृत्तीभाऊ खाली बघत म्हणाले, “रेंज आहे, ताई. चारच्या वर निघत नाहीत. नियमच आहे तसा.”

“मंग येवढं दिस रेंज रेंज काय लावलं व्हतंस?”

“कसं समजवणार होतो तुम्हाला? वाटलं, तुम्ही माझ्याशीच भांडाल.”

“भांडलो असतो, भाऊ,” इठाबाई म्हणाली, “पर शानं तरी झालो असतो.”

निवृत्तीभाऊंनी गल्ला उलटा केला. सकाळी बँकेत भरणा करून आल्यामुळे त्यात थोडेच होते. होते तेवढे दिले. मग बाया घरोघर गेल्या. पण शनिवारी काढलेला पैसा रविवारी घटात गेला होता. मातीत, धान्यात, तेलात, फुलांत. डाळीच्या डब्यातून, देव्हाऱ्यातल्या वाटीतून, लेकरांच्या गुल्लकातून जे निघालं ते आईच्या पदरात पडत गेलं. कमळाकाकू म्हणाली, “माज्या खात्यात आठ हजार हायेत बघ, अन् घरात च्याला साखर न्हाई.” कुणी हसलं नाही. सगळ्या गल्लीत पैसा होता. हातात कुणाच्याच नव्हता.

आई कारखान्याच्या मुनीमाकडे जाऊन आली. तो म्हणाला, “सोजरबाई, मजुरी बँकेत जायला लागल्यापासून आम्ही रोकड ठेवतच नाही. तुमच्या भल्यासाठीच केलंय ते.”

पदरातले पैसे फीच्या निम्म्यालाही पोचले नाहीत. तरी आई म्हणाली, चल, पुन्हा बँकेत जाऊ. कशाला, ते तिलाही माहीत नव्हतं. आपला पैसा जिथे आहे तिथे जवळ जाऊन उभं राहावं, एवढंच तिला सुचत असावं.

आत जाऊ दिलं असतं, पण ती गेली नाही. बाहेरच्या पायरीवर बसली. मी शेजारी बसले. बँकेच्या आतल्या भिंतीवरचं घड्याळ दारातून दिसत होतं. मी त्याच्याकडे पाठ केली.

तिने पदराची गाठ मुठीत धरली.

“तुजा बा कशानं गेला, ठावं हाय का तुला?”

“कावीळ झाली होती.”

“काविळीनं मानूस लगेच जात न्हाई. आमचं पतपेढीत पैसं व्हतं. धा वर्साचं. त्या पुस्तकात आकडा व्हता, मोट्टा, निळ्या शाईचा. म्या दर म्हैन्याला तो आकडा बघायची. लिवलेलं हाय म्हंजे हाय, असं वाटायचं. तुज्या बाला दवाखान्यात घातलं, तव्हा पुस्तक घिऊन गेले. पतपेढीला कुलूप. बाहेर मानसं दगडं घिऊन हुबी. पुस्तकात आकडा तसाच व्हता, मथे. आकड्याला काय बी झालं न्हवतं.”

मी तिसरीत होते तेव्हा. वडिलांना झोळीत घालून परत आणलं, एवढंच आठवत होतं. त्यांना का परत आणलं हे मी कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं.

“तव्हापासनं ठरवलं,” ती म्हणाली, “आकडा बघायचा न्हाई. नोट बघायची. दर शनवारी. हाताला लागली तरच ती आपली.”

तिने पदराची गाठ सोडली, गल्लीचे पैसे पाहिले आणि पुन्हा बांधली.

“येकदा बघितलं न्हाई म्हनून गेलं. आन येकदा बघितलं म्हनून गेलं. मंग बाईनं करायचं तरी काय?”

हे तिने मला विचारलं नव्हतं. कुणालाच विचारलं नव्हतं. आतून शटर ओढल्याचा आवाज आला. देवरे मॅडम बाहेर आल्या, आम्हाला पाहून थबकल्या. पर्समध्ये हात घालून म्हणाल्या, “माझ्याकडे दोन हजार आहेत, घ्या. उद्या द्या मला.” आईने मान हलवली. “आता पाच वाजून गेले असत्याल, बाई,” ती म्हणाली. मॅडम पायरीवर आमच्यापेक्षा वर उभ्या होत्या. त्या खाली उतरून आमच्या पातळीला आल्या. मग त्यांनी पर्स बंद केली. त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, बँक उघडल्या उघडल्या सगळे पैसे मिळाले. एक रुपया कमी नाही. आईने एकही नोट उजेडाकडे धरली नाही.

आम्ही तरीही नाशिकला गेलो. ती ऐकेना. एसटीत ती पिशवी पोटाशी धरून बसली होती, तान्हं मूल धरावं तशी. शाळेच्या ऑफिसात क्लार्कने रजिस्टर बंदच ठेवलं. म्हणाला, “मावशी, काल यायला हवं होतं. त्या मुलीने संध्याकाळी फी भरली. ती पण गरीबच आहे हो.”

आईने पिशवीतून नोटा काढून त्याच्या टेबलावर ठेवल्या.

“बघून घ्या,” ती म्हणाली. “खऱ्या हायेत.”

“खऱ्या आहेत, मावशी. पण जागा नाही.”

“न्हाई, पर बघा तर खरं. हात लावून बघा.”

तो हात लावीना. त्याने माझ्याकडे पाहिलं, ह्यांना घेऊन जा अशा नजरेने. मी नोटा गोळा केल्या. बाहेर अंगणात पांढऱ्या कपड्यांतल्या मुली घोळक्याने चालल्या होत्या. आईने वाट सोडली आणि त्या सगळ्या जाईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली, लग्नाच्या वरातीला वाट द्यावी तशी.

परतीच्या वाटेवर, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, असं मी म्हणाले. तिने मान हलवली, हो म्हणूनही नाही, नाही म्हणूनही नाही. पुढच्या वर्षी फी वाढली. त्याच्या पुढच्या वर्षी त्या पैशांत माझं लग्न झालं. आता मलाही एक मुलगी आहे. पोळी खाताना ती कधी कधी माझे हात हुंगते आणि नाक मुरडते.

पण हे सगळं नंतरचं. त्या एक तारखेच्या संध्याकाळी आम्ही घरी आलो, तेव्हा घटातल्या धान्याला मोड फुटले होते. आईने गल्लीचे पैसे घरोघर जाऊन परत केले. ज्या डब्यातून आले त्या डब्यात. मग तिने पानं ओलावली, ओट्यावर बसली, सूप मांडीवर घेतलं. उद्याचा माल द्यायचाच होता. इठाबाई पलीकडे बसली होती. तिने बराच वेळ वाट पाहिली. मग हळूच म्हणाली, “सोजर, म्हन की काहीतरी. सूप लई गप हाय आज.”

आईने पान कापलं. चिमूट भरली.

“पांढरं गं लुगडं,” ती म्हणाली. गायली नाही, नुसती म्हणाली. “वाळत घातलं दारी...”

आणि थांबली. बोटं वळत राहिली, दोरा गुंडाळत राहिली. इठाबाईनेही मान खाली घातली.

मी आत गेले. भिंतीला टेकवलेलं दुसरं सूप घेतलं. आईचं जुनं, कडेला शेण लिंपलेलं. बाहेर येऊन तिच्यासमोर बसले. सूप मांडीवर घेतलं. ती लांब हो म्हणेल, हात मागे घे म्हणेल, म्हणून मी थांबले.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने ओल्या पानांचा गठ्ठा उचलला, त्यातला अर्धा वेगळा केला आणि माझ्या सुपात ठेवला.